काठातले तीन धागे

हरिबा साळवे एकोणीस वर्षं माझ्या शेजारच्या साच्यांवर होता. साचा म्हणजे माग. गिरणीत माग कुणी म्हणत नसे. त्याच्याकडे चार साचे, माझ्याकडे चार, मध्ये दीड हाताची वाट. साचेखात्यात आवाज इतका की शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून साचेवाले ओठांवर बोलतात. आवाज काढायचा नाही, ओठ हलवायचे, समोरच्यानं बघून समजायचं. गिरणी बंद पडून अठ्ठावीस वर्षं झाली. हरिबाचे ओठ मला अजून वाचता येतात.

तो कामाला कसा होता ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. धागा तुटला की बाकीचे गाठ मारत आणि साचा चालू करत. हरिबा गाठ मारी, गाठीची शेपटं कापी, वरून बोट फिरवी आणि मग साचा चालू करी. दर वेळी अर्धं मिनिट जास्त. दिवसात धागे तुटायचे साठ-सत्तर. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, ओरडायचा. हरिबा म्हणायचा, "गाठ कुणाच्या तरी अंगाला टोचंल की." तो माल नेसणारं, अंथरणारं माणूस त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तरी त्या माणसाच्या अंगाची त्याला काळजी.

दुसरी गोष्ट खुणेची. पाळी संपली की प्रत्येक साचेवाल्यानं चालू कापडाच्या काठात रंगीत सुताचा बोटभर धागा घालायचा. पुढच्या खात्यात कापडाची घडी घालताना त्यावरून कळायचं, कुणाचं काम कुठं संपलं. आम्ही सगळे एक लाल धागा घालायचो आणि शेजारी खडूनं नंबर लिहायचो. खडू पुसला जायचा. एकदा दुसऱ्याचा खराब माल हरिबाच्या नावावर पडला. त्या दिवसापासून तो तीन धागे घालू लागला. लाल, पांढरा, लाल. साचेखात्यात तसं करणारा तो एकटाच. खूण काढून टाकणं हा गिरणीत सगळ्यांत हलका गुन्हा मानला जाई. हलका म्हणजे नीच या अर्थी. मारामारी करणाऱ्याला माफी होती, खूण उसवणाऱ्याला नव्हती.

हरिबाचे आजोबा मोहोळकडचे. दुष्काळात सोलापूरला आले आणि ख्रिस्ती झाले. हरिबाचं बाप्तिस्म्यातलं नाव योसेफ. ते चर्चच्या वहीत राहिलं. गिरणीत, गल्लीत आणि घरात तो हरिबाच. भवानी पेठेच्या मागच्या अंगाला त्यांचं छोटं चर्च आहे. त्याची राखण आधी त्याच्या वडलांकडे होती, मग त्याच्याकडे आली. चर्चच्या मागे एक खोली, तीच त्याचं घर. पाळीवरून आला की घंटा, झाडलोट, मेणबत्त्या. बायको दुर्गा बरोबरीनं करायची. ती जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी रेश्मा नर्स आहे, सात रस्त्याकडे राहते.

त्या चर्चमध्ये पितळी चौकटीत, काचेमागे, वीतभर कापड होतं. तपकिरी, डागाळलेलं. शंभरेक वर्षांपूर्वी एका परदेशी फादरनं ते आणलं, आणि येशूला क्रुसावरून उतरवून ज्या कापडात गुंडाळलं त्याचा तो तुकडा आहे, असं सगळे सांगत. कागदपत्र काही नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी हरिबा कपाट उघडी आणि लोक काचेला कपाळ लावत. ख्रिस्ती येत, तसे गल्लीतले आमचे लोकही येत. आमची शेजारीण बसव्वा नातीला घेऊन जायची. देव कुणाचा हे ती विचारत नाही. कपाटाची किल्ली हरिबाच्या गळ्यात.

गेल्या वर्षी चर्चला शंभर वर्षं होणार म्हणून पुस्तिका काढायचं ठरलं. मजकूर लिहायचं काम सुबोध गायकवाडकडे. तो शाळेत विज्ञान शिकवतो. त्यानं सगळं लिहिलं, फक्त कापडाचं वाक्य लिहायला तयार होईना. म्हणाला, आधी तपासा, मग छापा. एकनाथ खरात म्हणून निवृत्त हेडक्लार्क आहेत, प्रार्थना मंडळाचे प्रमुख. ते म्हणाले, वाक्य नसेल तर पुस्तिका नको. दोन महिने भांडण चाललं. शेवटी फादर म्हणाले, कापडातल्या जाणत्या माणसानं नुसतं बघावं. सगळ्यांनी हरिबाकडे पाहिलं. तो म्हणाला, "माजे डोळे गेले." मोतीबिंदू काढून त्याला वर्षही झालं नव्हतं आणि दिसत त्याला माझ्याहून चांगलं होतं.

म्हणून एकनाथराव माझ्या दारात आले.

"मल्लिनाथ, तुमी आमच्यातले न्हाय, म्हणून तुमीच या," ते म्हणाले. "आमच्यातल्या कुणी बी सांगितलं तर निम्मे लोक रुसणार."

"मी काय सांगणार? मी साचेवाला."

"कापड बगायचं हाय की. देव बगायला कुणी बोलवीना झालंय तुमाला."

माझी बायको आतून म्हणाली, "दुसऱ्याच्या देवळात भिंग घेऊन जाऊ नका." मी गेलो. तिचं म्हणणं बरोबर होतं.

बुधवारची दुपार होती. चर्चच्या मागच्या खोलीत फादर, सुबोध, एकनाथराव, हरिबा आणि मी. फादर वसईकडचे, पस्तिशीचे, मृदू बोलणारे. त्यांनी काच काढायची नाही असं सांगितलं. हरिबानं किल्ली लावली. कुलूप त्याच्या रोजच्या हाताचं, पण ते उघडायला त्याला तीन वेळा किल्ली फिरवावी लागली. चौकट टेबलावर ठेवून तो भिंतीला टेकून उभा राहिला.

मी भिंग पुसत होतो तोवर त्या दोघांचं सुरू झालं.

"इटलीत एक मोठं कफन आहे," सुबोध म्हणाला. "तीन प्रयोगशाळांनी त्याचा तुकडा तपासला. सहाशे-सातशे वर्षांचं निघालं. दोन हजार नाही."

"आन् त्यावर बी भांडण हाय की," एकनाथराव म्हणाले. "ठिगळाची जागा कापून नेली म्हणत्यात."

"म्हणतात."

"तुमचे बी म्हणत्यातच."

"ते मोजतात, काका. आणि ते कापड जवसाच्या धाग्याचं आहे. त्या काळात तिकडं तेच वापरायचे."

"जवसाची आमी चटणी खातो. तिचं कापड करून नेसायला सांगतोस व्हय?"

फादर हसले. हरिबा हसला नाही. एरवी अशा बोलण्याला पहिला तोच हसायचा.

मी भिंग काचेवर ठेवलं. हे भिंग इंचाच्या चौकोनाचं असतं, त्यातून धागे मोजतात. मी मोजले. उभे चौसष्ट, आडवे छप्पन. परत मोजले. तेच. धागा सुती, पीळ सारखा, जाडी सारखी. हातानं कातलेल्या सुताला अशी सारखी जाडी येत नाही. मांजरपाट होता. असला मांजरपाट मी स्वतः कित्येक मैल विणला असेन. मधोमध दोन उभे धागे तुटून राहिलेले, तीन-चार बोटं लांब. दोष असलेला माल. असा माल गिरणी विकत नसे, कापून कामगारांना देऊन टाकी.

मग मी भिंग काठाकडे सरकवलं. काठ पितळेखाली अर्धा झाकलेला होता. पितळेच्या कडेलगत, तपकिरी डागाखालीही ओळखू येणारे तीन धागे. लाल, पांढरा, लाल.

मी वर पाहिलं. हरिबा माझ्याकडेच बघत होता. त्याचे ओठ हलले. आवाज नाही. रविवार, तो म्हणाला. परत म्हणाला, रविवार.

त्या खोलीत चार माणसं ऐकणारी होती आणि त्यातल्या तिघांना काही ऐकू आलं नाही.

"काय निघालं?" सुबोधनं विचारलं.

"उजेड कमी हाय," मी म्हणालो. "रविवारी सांगतो."

"बाहेर ऊन आहे. चौकट बाहेर नेऊ की."

"रविवारी सांगतो म्हणलं न्हवं?"

सुबोध माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. हुशार माणूस. पण त्याला ओठ वाचता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिबा आला. घरात बसला नाही. आम्ही चालत गिरणीच्या जागेकडे गेलो. आता तिथं इमारती आहेत. जुन्या भिंतीचा एक तुकडा राहिलाय, त्याच्या सावलीत बसलो. मग मीच विचारलं.

"कवापास्नं?"

"गिरणी बंद पडली त्याच्या आदल्या साली. पावसाळ्यात."

त्यानं सांगितलं ते असं. त्या वर्षी चर्चची भिंत पाझरली आणि काचेच्या आत बुरशी आली. तेव्हाचे फादर म्हातारे, आजारी. हरिबानं कुणाला न विचारता चौकट उघडली. मूळ कापड इतकं जीर्ण होतं की धागे एकमेकांना सोडत होते. तो साचेवाला. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा सुटायला लागला की साचेवाला एकच उपाय जाणतो. त्याला खळ द्यायची. खळ म्हणजे पिठाची पातळ कांजी. धागा तिच्यात भिजवून वाळवला की ताठ होतो, तुटत नाही. आम्ही जन्मभर तेच केलं. हरिबानं घरी तांदळाची खळ शिजवली, गाळली, मोरपिसानं एकेका धाग्यावर लावली. दोन दिवस त्यात गेले. कापड सावलीत वाळवलं, काचेमागे परत बसवलं.

"लई झ्याक दिसत व्हतं," तो म्हणाला. "ताठ. वाटलं, अजून शंभर वर्सं जातंय."

"आन्?"

"महिन्यानं कपाट उघडलं. आत कसर. खळीच्या वासावर आली. अर्धं कापड खाल्लेलं. हात लावला तर उरलेलं बी हातात आलं. पीठ झालं, मल्लिनाथ."

कापडाला खळ लागली की कीड येते, हे आम्हाला माहीत होतं. पण गिरणीतलं कापड धुतलं जायचं, विकलं जायचं. खळ देऊन काचेमागे ठेवलेलं कापड आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कुणी ती चौकट उघडली असती तर फडक्यानं बुरशी पुसून परत बंद केली असती. कापड टिकलं असतं.

कसर दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला शुक्रवार होता. घरात गिरणीतून मिळालेला दोषी तुकडा होता, त्याच्याच साच्यावरचा. त्यानं तो बाभळीच्या सालीत आणि चहाच्या पाण्यात उकळला, चुलीच्या उबेवर वाळवला आणि काचेमागे घातला. फक्त त्या शुक्रवारपुरता. शनिवारी फादरना सांगणार होता.

"मग?"

"रेश्माला ताप व्हता. नऊ वर्साची. एकवीस दिवस उतरंना. दुर्गा तिला उचलून घिऊन आली आन् कापडाखाली झोपवली. मी तितंच उभा. काय सांगू? की ते आपल्या घरातलं फडकं हाय?"

"औषध चालू असंल की."

"चालू व्हतं. सोमवारी ताप उतरला. दुर्गानं गल्लीभर सांगितलं. फादरनी रविवारच्या मिस्सेत सांगितलं. शनिवार गेला तो गेलाच."

म्हातारे फादर पुढच्या वर्षी वारले. दुसरे आले, गेले. कापडापुढे गुडघे टेकणारे वाढत गेले. हरिबा दर महिन्याला कपाट उघडून बाजूला उभा राहायचा. लोकांना वाटायचं, केवढा नम्र माणूस. एकदा बाहेरगावच्या एका फादरकडे त्यानं पापनिवेदन केलं. ते म्हणाले, आधी जाऊन सगळ्यांना सांग, मग माफीचं बघू. तेव्हापासून तो पापनिवेदनाला गेला की बाकीचं सगळं सांगतो, एवढं सोडून. कापड बदलल्याला एकोणतीस वर्षं झाली.

"मला तितं प्रार्थना बी करता येत न्हाय," तो म्हणाला. "डोळं मिटलं की चहाचा वास येतो. आन् खोटं बी म्हणता येत न्हाय, पोरगी माझ्याच डोळ्यांदेखत उठून बसली. मी कुटं जाऊ सांग."

मी दुसरंच विचारलं. "ती खूण का ठेवलीस? तीन धागे काढायला किती वेळ लागतोय?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याला शिवी दिली. "खूण काढून माल द्यायचा व्हय?"

एवढं मोठं खोटं त्यानं काचेमागे घातलं होतं, पण खूण उसवणं त्याला जमलं नव्हतं. मला ते समजलं, हेच मला जड गेलं.

उठताना मी म्हणालो, "रविवारी मला इचारलं तर मी धागे सांगणार. उभे किती, आडवे किती. काठात काय हाय ते बी. मोजलेलं लपवणार न्हाय."

"लपवू नगंस. पन आधी मी बोलतो."

मधले दोन दिवस वाईट गेले. तो शुक्रवारी फादरकडे गेला, तर तिथं लग्नाची नोंद करायला माणसं बसलेली. शनिवारी रेश्माकडे गेला, तर ती ड्यूटीवर. दुपारी माझ्याकडे आला, पाणी प्यायला, गेला. ही खोली सोडावी लागली तर सामान किती निघेल, ते त्यानं मोजून ठेवलं होतं. दोन पेट्या, एक खाट. सत्तरीच्या पुढं तो खाट घेऊन कुठं जाणार होता, ते मोजलेलं नव्हतं.

रविवारी मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, संपल्यावर फादरनी लोकांना थांबायला सांगितलं. साठेक माणसं असतील. मी शेवटच्या बाकावर. चौकट टेबलावर. रेश्मा तिसऱ्या रांगेत, कामावर जायच्या कपड्यांत.

फादर माझं नाव घेणार तेवढ्यात हरिबा उठला. किल्ली गळ्यातून काढून त्यानं चौकटीशेजारी ठेवली.

"हे कापड माझं हाय," तो म्हणाला. "माझ्या साच्यावरचं. मी आत घातलंय."

आणि त्यानं सगळं सांगितलं, खळीपासून चहापर्यंत.

पहिले एकनाथराव बोलले. "हरिबा, तुजं वय झालंय. बस खाली."

"वय झालंय. खोटं न्हाय."

"दुर्गा गेल्यापास्नं तुझ्या डोक्यात काय काय येतंय. मागल्या नाताळात घंटा दोनदा वाजवलीस."

काही बायका माना हलवायला लागल्या. मला दिसलं, की त्याला आता या बाजूनं अडवणार. खरं बोलून झालं आणि दार परत लागत होतं. मी उठलो. धागे सांगितले. चौसष्ट, छप्पन. मांजरपाट. लाल, पांढरा, लाल. ती खूण कुणाची, हे साचेखात्यातला कुणीही जिवंत माणूस सांगेल, असंही सांगितलं. सुबोध पुढं आला, भिंग घेऊन काठावर वाकला. सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसासारखा नव्हता.

"मूळ कापडाचं काय केलंत काका?" त्यानं विचारलं.

हरिबानं खिशातून तपकिरीची लोखंडी डबी काढली. त्यानं मला ती दाखवली नव्हती. आत करडी भुकटी, दोन-तीन धाग्यांचे बारके तुकडे.

सुबोधनं डबी उजेडात धरली. "यात खळ आहे. किडे आहेत. हात लागलेत. यातून आता कुणी वय काढू शकेल असं वाटत नाही." मग त्याचा आवाज चढला. "काका, ते खरं होतं की खोटं हे आता कळणारच नाही. पुरावा संपवलात तुम्ही."

"मी न्हाय. कसरीनं," हरिबा म्हणाला. चेष्टा म्हणून नाही. तो नेमकं बोलत होता.

"म्हंजे खोटं हाय असं बी कुणाला म्हणता येणार न्हाय," एकनाथराव हळूच म्हणाले.

"खरं आहे असंही नाही."

"मग वाक्य कसं लिवायचं?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्यापाशी भांडायला काही उरलं नव्हतं.

फादरनी डबीचं झाकण लावलं. मग म्हणाले, चौकट कपाटात राहील, कपाट बंद राहील, मी बिशपांना पत्र लिहितो. खोलीबद्दल कुणीतरी विचारलं. फादर म्हणाले, "घंटा कोण वाजवणार मग?" किल्ली उचलून त्यांनी हरिबाच्या हातात परत दिली. हरिबानं हात मागे घेतला. फादरना वाटलं, भीड पडली म्हणून. त्यांनी ती त्याच्या गळ्यात घातली.

मी बघत होतो. घर वाचलं, पण त्याचा चेहरा पाळी संपल्यावरही साचा न थांबलेल्या माणसासारखा होता.

बाहेर रेश्मा त्याच्याजवळ आली. तो मान खाली घालून उभा.

"बाबा, मला विषमज्वर होता," ती म्हणाली. "गोळ्यांनी उतरला. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला कळलं मला. वीस वर्षं झाली."

"मग दर पहिल्या शुक्रवारी येतीस कशाला?"

"आई तिथं बसायची म्हणून. आणि तुम्ही तिथं उभे असता म्हणून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

हरिबानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ हलले. वीस वर्षं, तो मला म्हणाला, आवाज न काढता. तिच्यासाठी तो गप्प होता, त्याच्यासाठी ती. कुणी एक जरी बोललं असतं तरी तो मोकळा झाला असता. ती ड्यूटीला उशीर होतो म्हणून गेली.

मला वाटलं, इथं संपलं. मी कामाचा माणूस. काम पुरं झालं की हत्यारं पुसून ठेवायची. पण हे पुरं झालं नव्हतं.

पुढचा पहिला शुक्रवार आला. कपाट बंद. बिशपांच्या कचेरीचं उत्तर यायचं होतं, ते अजून यायचं आहे. तरी लोक आले. बंद कपाटाला कपाळ लावून झालं की हरिबाकडे वळू लागले. सुरुवात एका म्हातारीनं केली. तिनं त्याचा उजवा हात धरला आणि डोळ्यांना लावला. म्हणाली, "तुज्या हातचं कापड देवानं पसंत केलं बाबा. रेश्मा उठली न्हवं?" तिच्यामागे आणखी दोघी उभ्या राहिल्या. खरं सांगितल्यावर कापडाचं मोठेपण जाईल असं त्याला वाटलं होतं. मोठेपण कुठं गेलं नाही. कापडावरून उठलं आणि त्याच्या हातांवर बसलं.

तो आता पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो आणि हात पाठीमागे बांधून चालतो. एकनाथराव चिडवतात, "साळवेसाहेब, इन्स्पेक्शनला निघालात व्हय?" सुबोध सगळ्यांना पिळाचं, धाग्याचं, औषधाचं परत परत सांगतो. लोक ऐकतात, व्हय म्हणतात आणि हरिबाला शोधतात. पुस्तिका निघाली. तिच्यात त्या कापडाबद्दल एकही ओळ नाही.

पहिल्या शुक्रवारी सकाळी घंटा वाजवून झाली की तो आता माझ्याकडे येतो. मी त्याला काहीतरी काम देतो. खाटेची दोरी आवळायची, छत्रीला टाका घालायचा. हाताला काम असलं की तो जरा बरा असतो. गेल्या महिन्यात दोरी आवळता आवळता म्हणाला,

"त्या तुकड्यात दोन धागे तुटल्यात, बगितलंस?"

"बगितलं."

"एवढा धड माल विणला जलमभर. त्यातला एक बी कुणी बगितला न्हाय. काचेत गेला तो दोषी." थोड्या वेळानं म्हणाला, "तुज्या भाच्याच्या कारखान्यात साचा मोकळा असतोय का? वीतभर काढायचं हाय. बिनदोषी."

"परत बदलणार?"

तो हसला. खूप दिवसांनी. "न्हाय. नुसतं काढून बगायचं हाय."

तेवढ्यात बसव्वा दारात आली. कडेवर दोन वर्षांची नात, डोळे तापानं लाल. ती माझ्याशी बोललीच नाही.

"हरिबाअण्णा, जरा हात लावा की पोरीला."

"डॉक्टरकडं ने," हरिबा म्हणाला.

"नेली. औषध चालू हाय. तुमी नुसता हात लावा."

"बसव्वा, ते कापड मी चहात उकळलं व्हतं. सगळ्यांम्होरं सांगितलंय."

"ऐकलंय की. चहात उकळलं तरी पोरगी बरी झाली न्हवं?" ती उंबऱ्यातच बसली. "मी हितं बसते. तुमची दोरी हुंद्या."

त्यानं दोरीचं एक टोक दातात धरलं होतं, दुसरं हातात. त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओठ हलवले असते तर मी वाचलं असतं, पण दातात दोरी होती. गाठ पुरी होईपर्यंत तो थांबला. गाठीची शेपटं कापली. गाठीवरून बोट फिरवलं. मग त्यानं हात सदऱ्याला पुसला आणि पोरीच्या डोक्यावर ठेवला.

किती वेळ ठेवायचा, हे त्याला माहीत नव्हतं. बसव्वा डोळे मिटून बसली होती. ती ते उघडेपर्यंत त्यानं हात तसाच धरून ठेवला.